नागपूरच्या सपाटीवर धावून घाटात जाताय? आधी उतार शिका

प्रश्न आला तो थोडक्यात असा: "ताई, मी त्रिमूर्तीनगरला राहतो, तीन वर्षं झाली धावतो, सपाटीवर हाफ मॅरेथॉन, म्हणजे 21 किलोमीटर, 2 तास 5 मिनिटांत होते. सप्टेंबरच्या सातारा हिल मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन झालंय. परवा सेमिनरी हिल्सला प्रॅक्टिसला गेलो तर दुसऱ्याच चढावर धाप लागली आणि चालायला लागलो, घड्याळात हार्ट रेट 180. माझा स्टॅमिना कमी आहे का? आणि आपल्या नागपुरात घाट आणायचा कुठून?"

पहिले तर टेन्शन घेऊ नको भाऊ. 2 तास 5 मिनिटं करणाऱ्याचा स्टॅमिना कमी नसतो. तू काय केलं असशील ते मी इथे बसून सांगते, फुटाळा तलावापासून सहाच्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं, निघालास, चढ आला तरी घड्याळात सहाच दिसले पाहिजेत म्हणून जोर लावला, पहिला चढ त्या जोरात निघून गेला आणि दुसऱ्यानं वसुली केली. बरोबर ना? आमच्या ग्रुपमध्ये नवीन येणारा प्रत्येक जण हेच करतो, मीही केलं होतं, आणि मला तर तेव्हा सांगायलाही कोणी नव्हतं.

चढाचा आधी हिशोब समजून घे. नेस्मिथ नावाचा एक स्कॉटिश गिर्यारोहक होता, त्यानं 1892 मध्ये डोंगरात चालायला किती वेळ लागेल याचा एक ठोकताळा सांगितला, तासाला 3 मैल धरा आणि दर 2000 फूट चढाईला एक तास वरून जोडा. आपल्या मापात आणलं तर 100 मीटर उंची चढणं म्हणजे साधारण 800 मीटर सपाटीवर जास्त चालणं. धावतानाही हा हिशोब बऱ्यापैकी जुळतो, मी तर सोयीसाठी 100 मीटर चढाई म्हणजे एक किलोमीटर जास्त असंच धरते. आता 5 टक्क्यांचा चढ घे, म्हणजे 100 मीटर पुढे गेलं की 5 मीटर वर. असा एक किलोमीटर चढलास की 50 मीटर उंची झाली, म्हणजे एक किलोमीटरच्या जागी तू जवळपास दीड किलोमीटरची मेहनत केली. सहाचा पेस असणाऱ्या माणसानं त्या चढावर साडेआठ-नऊनं जायला पाहिजे, तेव्हा त्याला सपाटीवर सहानं धावल्यासारखं वाटेल. तू त्या जागी सहानं जाऊन राहिला होता! हार्ट रेट 180 नाही दाखवणार तर काय दाखवेल.

म्हणून चढावर पेस बघणं बंद. घड्याळ बाहीखाली ढकल. हार्ट रेटच्याही फार मागे लागू नको, मनगटावरचं सेन्सर चढावर मागे पडतं, तू अर्धा चढ संपवतो तेव्हा ते खालचा आकडा दाखवून राहिलं असतं. त्यापेक्षा बोलून बघ. एक पूर्ण वाक्य, "आज हवा छान आहे पण चहा पाहिजे होता", एवढं न तुटता बोलता येतं का? येत असेल तर ठीक आहे. तीन-तीन शब्दांत तुटायला लागलं की वेग कमी कर, आणि वेग कमी करायला जागाच उरली नाही, म्हणजे तू जागच्या जागी उड्या मारल्यासारखा धावतोय असं झालं, की चाल. यात लाज कसली? डोंगरातल्या मोठ्या रेसेसमध्ये जिंकणारे लोकसुद्धा खड्या चढावर चालतात. फक्त ते दम संपायच्या आधी चालायला लागतात आणि आपण दम संपल्यावर चालतो, मग ते चालणं राहत नाही, कमरेवर हात ठेवून उभं राहणं होतं. मी नवीन लोकांना विजेचे खांब मोजायला लावते, दोन खांब धावा, एक खांब चाला, आणि हे पहिल्या खांबापासून, फ्रेश वाटत असतानाच. आमच्यात बँकेतून रिटायर झालेले एक काका आहेत, ते खांब मोजत मोजत चढतात, पोरं सुरुवातीला हसतात आणि वरच्या टोकाला त्यांच्याच मागून पोचतात.

फॉर्मचं, म्हणजे धावताना शरीर कसं ठेवायचं त्याचं, थोडक्यात सांगते, कारण चढावर शरीर बरंचसं आपोआप शिकतं. पावलं छोटी कर, पण पावलांचा ठेका मंद होऊ देऊ नको. कमरेत वाकू नको, वाकायचं ते घोट्यापासून, सगळं शरीर एका रेषेत पुढे. कमरेत वाकलं की छाती दबते आणि मग श्वास पुरत नाही म्हणून आपण स्टॅमिन्याला दोष देतो. नजर दहा-पंधरा मीटर पुढे, चढाच्या माथ्यावर नाही, माथा बघत राहिलं तर तो जवळच येत नाही. टाच टेकते का नाही याची चिंता नको, मध्यम चढावर टेकली तर चांगलंच, नाहीतर सगळा भार पोटऱ्यांवर येतो आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या दगडासारख्या होतात.

आता उताराकडे येते, कारण तू त्याबद्दल विचारलंच नाही. कोणीच विचारत नाही. चढाची भीती सगळ्यांना आणि उतार म्हणजे फुकटचा बोनस, वेळ भरून काढू, असं डोक्यात असतं. माझी पहिली घाटातली हाफ मॅरेथॉन साताऱ्याचीच होती. रस्ता गावातून निघतो, यवतेश्वरच्या घाटानं कासच्या दिशेनं वर जातो आणि वळून त्याच घाटानं परत येतो, म्हणजे पहिला अर्धा बहुतेक चढ आणि दुसरा अर्धा बहुतेक उतार. चढ मी शहाण्यासारखा केला, नागपुरात सहा महिने जिने चढले होते. वर ढग रस्त्यावर उतरले होते, बारीक पाऊस, आपल्याकडच्या उन्हात शिजलेल्या माणसाला तर एसी लावल्यासारखं वाटतं. वळले आणि सोडून दिलं स्वतःला. पाच-साडेपाचच्या पेसनं, लांब ढांगा टाकत, प्रत्येक वळणावर टाच दाणकन आपटून ब्रेक. चार किलोमीटर मजा आली. पाचव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या, मग गुडघा वाकला की परत सरळ होईना, आणि शेवटचा गावातला भाग, जिथे सगळे धावून राहिले होते, तिथे मी कठडा धरून चालले. संध्याकाळी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले तर माझा वरचा बर्थ. चढताना समोरच्या काकूंनी ढकललं, पण रात्री उतरायचं होतं तेव्हा पाय खाली सोडून दहा मिनिटं नुसती बसून होते. दुसऱ्या दिवशी नागपूर स्टेशनला पुलाच्या पायऱ्या मी उलट्या उतरले, कठड्याला धरून, पाठ खाली करून. हमालानं विचारलं, "काय झालं बाई, पडल्या का कुठं?"

झालं काय होतं ते सांगते. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून जोर लावतो, ते त्याचं रोजचं काम आहे. उतरताना तोच स्नायू लांब होत होत भार धरतो. भरलेली बादली दोरानं हळूहळू विहिरीत सोडायची असते तेव्हा हाताला जे करावं लागतं ना, ओढायचं नाही पण सोडायचंही नाही, तसं. यात दम लागत नाही, श्वास मस्त चालू असतो, म्हणून कळतच नाही की आत स्नायूंचे बारीक धागे दुखावले जाऊन राहिले आहेत. ती दुखापत लगेच बोलतही नाही. एक ते तीन दिवसांनी कळस गाठते. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन, 1921 पासूनची, साधारण 90 किलोमीटरची, ती एका वर्षी डर्बनहून वर पीटरमॅरिट्झबर्गला जाते आणि पुढच्या वर्षी सहसा उलटी खाली येते. तिथे दोन्ही बाजूंनी धावलेले बरेच लोक सांगतात की खाली येणारं वर्ष पायांना जास्त महाग पडतं.

पण यातच चांगली बातमी आहे. उतारानं एकदा मार दिला की स्नायू तो लक्षात ठेवतात. थोडासा उतार आज केला, दोन दिवस दुखलं, की पुढच्या वेळी तेवढ्याच उतारानं खूप कमी दुखतं, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणजे रेसच्या आधी पायांना थोडा थोडा मार खाऊ घालायचा. त्यासाठी घाट लागत नाही, दोन-तीनशे मीटरचा उतार लागतो आणि तो नागपुरात आहे.

कुठे? आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर, बहुतेक पोळपाटासारखं. शहराच्या मध्यावर टेकडी म्हणावी तर सीताबर्डीच्या किल्ल्याची, पण तो लष्कराकडे आहे आणि वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो, तिथे तर काही होणार नाही. राहिलं सेमिनरी हिल्स. फुटाळ्याच्या बाजूनं वर चढणारा रस्ता, बालोद्यानाचा भाग, पुढे हजारी पहाडकडे, इथे छोटे छोटे चढ-उतार एकामागून एक मिळतात. एक चढ निवड जो तुला दीड-दोन मिनिटं लागतो. मंगळवारी किंवा बुधवारी तिथेच वर-खाली. फ्लायओव्हरवर मात्र कोणी धावू नका बाप्पा, मला माहितेय पहाटे पाचला रिकामा दिसतो आणि चढही एकसारखा असतो, पण त्याच वेळी ट्रकवाले झोपेत असतात आणि पुलावर बाजूला उडी मारायला जागाच नसते. गोरेवाड्याच्या बाजूला अंधारात एकट्यानं जाऊ नको, तिकडे बिबट्याचा वावर आहे. बायकांनी ग्रुपनंच जा, आणि टॉर्च सगळ्यांनी, कुत्र्यांसाठी नाही, खड्ड्यांसाठी.

महिन्यातून एखादा रविवार रामटेकसाठी काढ. साधारण 50 किलोमीटर आहे, पहाटे निघालं की उजाडताना गडाच्या पायथ्याशी. गाडीरस्त्यानं वर, मंदिराला नमस्कार, खाली, परत वर. अंबाळ्याकडच्या पायऱ्याही आहेत पण त्या चढायला ठेव, पळत उतरायला नको, दगड झिजलेले आहेत आणि पावसात गुळगुळीत होतात. माकडांच्या समोर केळं काढू नको, धावताना खायच्या जेलचं पाकीटसुद्धा नेतात. जास्तच हौस असेल तर एखादा वीकेंड चिखलदऱ्याला जा, परतवाड्याहून वर जाणारा खरा घाट आहे, पण तो अनुभव म्हणून, दर आठवड्याला नाही जमणार आणि गरजही नाही.

जिम असेल तर ट्रेडमिलला 5-6 चा इन्क्लाईन लाव, चढाचं काम होऊन जातं. बहुतेक ट्रेडमिल खाली झुकत नाहीत, त्यामुळे उताराचं काम बाहेरच करावं लागतं. बिल्डिंगचे जिने चढायला छान, मीही केले, पण मी जी चूक केली ती करू नको, वर जाऊन लिफ्टनं खाली येत होते!

उतरायचं कसं? लांब ढांग टाकायची नाही, हेच मुख्य. पाय शरीराच्या पुढे पडला की तो ब्रेक होतो आणि तो ब्रेक थेट गुडघ्यात आणि मांडीत जातो. पाऊल कमरेच्या खाली पडलं पाहिजे, गुडघा थोडा वाकलेला, पावलं छोटी आणि भरभर, गरम तव्यावरून चालल्यासारखी. शरीर मागे टाकू नको. भीतीनं आपण सगळे मागे झुकतो, नेमकं त्यानंच टाच पुढे आपटते. हात थोडे बाजूला पसरू दे, चांगलं दिसत नाही पण तोल राहतो. आणि कानानं ऐक. पावलाचा थपथप आवाज मोठा येत असेल तर ब्रेक लागून राहिले आहेत. मी मुलांना सांगते, माझ्या बाजूनं उतरताना मला तुमचे बूट ऐकू आले नाही पाहिजेत.

सुरुवात चार रिपीटनं कर. दोनशे मीटर आरामात वर, दोनशे मीटर नीट खाली. पहिल्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, दोन्ही सारख्या दुखत असतील तर काळजी नाही. एकाच गुडघ्यात, एकाच जागी, सुईसारखं टोचत असेल, विशेषतः गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, तर थांब आणि फिजिओला दाखव, "धावत धावत जाईल" म्हणू नको. दर आठवड्याला एक-दोन रिपीट वाढव, आठ-दहापर्यंत. आठवड्यातून एकच दिवस चढ-उतार, बाकी दिवस सपाटीवर नेहमीसारखं. रेस सप्टेंबरच्या सुरुवातीला धरली तर जूनच्या मध्यापासून बारा आठवडे मिळतात, तेव्हा पाऊसही आलेला असतो. मे महिन्यात 45 डिग्रीत चढावर मरायला जाऊ नको, तेव्हा नुसतं घरी स्ट्रेंथ, म्हणजे ताकदीचा व्यायाम, कर. शेवटचा मोठा उताराचा सराव रेसच्या दोन-अडीच आठवडे आधी. त्यानंतर फक्त चार-पाच छोटे, पायांना आठवण राहील एवढेच. मधे पोळा, मारबत, घरचे कार्यक्रम येतील, एखादा आठवडा बुडला तर पुढच्या आठवड्यात डबल करायचं नाही.

घरच्या स्ट्रेंथमधलं एकच सांगते. पायरीवर उभा राहा, एक पाय हवेत, आणि उभ्या पायाचा गुडघा वाकवत हवेतल्या पायाची टाच खालच्या पायरीला हळूच टेकव. चार आकडे मोजत खाली. घाईनं खाली पडायचं नाही, खरी मेहनत त्या हळू जाण्यातच आहे. दहा-दहाचे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. आरशासमोर कर, गुडघा आतल्या बाजूला पडतो का बघ. माझा उजवा पडत होता आणि मला वर्षभर कळलं नाही, एका नामांकित कोचनं तर मला फक्त "वजन कमी करा" एवढंच सांगून फी घेतली होती. जाऊ दे.

बुटांचं. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. नखं रेसच्या तीन-चार दिवस आधी काप, आदल्या रात्री नाही. बुटाला सगळ्यात वर, घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, जे आपण कधीच वापरत नाही. नाडी त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटी कडी कर, दुसऱ्या बाजूलाही तसंच, मग दोन्ही टोकं समोरासमोरच्या कड्यांतून ओवून मागे ओढ आणि गाठ मार. टाच पकडून बसते. पहिल्यांदा रेसच्या दिवशी नको करू, सेमिनरी हिल्सला करून बघ, फार ओढलं तर पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात.

तुझ्यासारखे बरेच जण विचारतात की साताऱ्याला हवा विरळ असते का, म्हणून दम लागतो का. नाही. विरळ हवेचा फरक जाणवायला साधारण 1500 मीटरच्या वर जावं लागतं, यवतेश्वरचा घाट तेवढा उंच नाही. दम चढामुळेच लागतो. पण धावताना छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, असं काही झालं तर तो स्टॅमिना नाही, सरळ डॉक्टर. चाळिशी उलटली असेल तर तसंही रजिस्ट्रेशनबरोबर एक तपासणी करून घेतलेली बरी.

रेसच्या दिवशी तुझा वेळ 2:05 धरू नको. पहिल्यांदा आहे, अडीचच्या आसपास धर. निघताना गर्दी उसळते, सगळे पळतात, तू वाक्य बोलून बघ. घाट लागला की खांब किंवा वळणं मोजायला घे आणि पाणी वरच्या अर्ध्यातच नीट पी, कारण उतरताना पीत पीत नीट पावलं पडत नाहीत. वळल्यावर लगेच सोडू नको स्वतःला. पहिला किलोमीटर मुद्दाम हळू, बूट ऐकत ऐकत उतर. रस्ता ओला असेल, कडेला शेवाळ असतं, वळणावर आतली बाजू टाळ, आणि रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय टाकू नको, ओल्या असल्या की त्या काचेसारख्या. शेवटचे तीन किलोमीटर जेव्हा उतार कमी होईल तेव्हा पाय जड वाटतील, ते सगळ्यांचेच होतात, तेव्हा पावलं अजून छोटी कर पण ठेका तोच ठेव.

आदल्या रात्री साताऱ्यात जे साधं मिळेल ते खा, तिखट नको, सावजी जेवायचं ते नागपूरला परत आल्यावर. परतीचं तिकीट काढलं नसेल तर खालचा बर्थ माग. आणि या रविवारी जमलं तर पहाटे सव्वापाचला फुटाळ्याला ये, चौपाटीच्या टोकाला आम्ही आठ-दहा जण असतो. चार रिपीट करू, बूट ऐकू, मग तर्री पोहे.